दुसरं टाकं

"दोर पुरत नव्हता का?"

म्हातारा काही बोलला नाही.

"कानात बोळे घातलेस का? दोर पुरत नव्हता का, म्हणून विचारतोय."

भोवती बसलेली माणसं दचकली. बेथलेहेमाहून आलेला एक तेलवाला ताडकन उठला. "अरे, कुणाशी बोलतोयस? या जागेत निदान पायातलं तरी काढ."

"काढायला पायात आहे काय?" यरीब म्हणाला.

खरंच नव्हतं. तीन दिवस अनवाणी चालत आला होता तो. टाचा फुटल्या होत्या.

म्हाताऱ्याचं नाव एबद-मलेख. कूश देशाचा, काळाभोर. यरुशलेमेला वेढा पडला तेव्हा तो राजवाड्यातला एक किरकोळ कारभारी होता. शहर पडणार, असं एक संदेष्टा देवाच्या नावानं उघड बोलू लागला, म्हणून सरदारांनी त्याला पहाऱ्याच्या चौकातल्या टाक्यात उतरवलं. टाक्यात पाणी नव्हतं, गाळ होता. त्या वेळी हाच कारभारी वेशीवर बसलेल्या राजापुढं उभा राहिला. हुकूम आणला, तीस माणसं आणली आणि संदेष्ट्याला जिवंत वर काढलं. दोर काखेत रुतू नये म्हणून आधी जुन्या चिंध्यासुद्धा खाली सोडल्या.

शहर पुढं पडलंच. राजवाडा जळाला, राजाला बेड्या घालून नेलं. म्हातारा तेवढा उरला. चौकाच्या राखेत त्यानं खोपट घातलं. लोक लांबून यायचे, त्या टाक्यात वाकून बघायचे, खुंटीवरच्या चिंध्यांना कपाळ लावायचे आणि म्हणायचे, माणूस असावा तर असा.

यरीबनं चिंध्यांकडं बघितलंसुद्धा नाही. त्याची नजर वीस पावलांवरच्या दुसऱ्या टाक्यावर होती.

"भाकरी भाजणारा गेरा नावाचा भटारी होता," तो म्हणाला. "माझा थोरला भाऊ. संदेष्ट्याला रोजची भाकर तोच पोचवायचा. तुमच्या त्या टाक्यात भाकर टाकताना सापडला. त्याला या टाक्यात ढकलला."

"माहीत आहे," म्हातारा म्हणाला.

"तू संदेष्ट्याला काढलास, तेव्हा तो जिवंत होता?"

"होता."

"त्यानं हाक मारली?"

"मारली."

"तू ऐकलीस?"

"तिसांनी ऐकली."

तेलवाल्याच्या हातातला बुधला तसाच राहिला.

"मग?" यरीबचा आवाज चिरकला. "दोर हातात होता. माणसं हातात होती. एका सुकलेल्या माणसाला ओढायला किती जण लागतात? चार? उरलेली सव्वीस काय करत होती?"

"उभी होती."

"आणि तू?"

"हुकमात एकच नाव होतं…"

यरीब हसला. ते हसणं ऐकून कडेला बसलेल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला.

"मी त्याला सांगितलं, थांब, तुझाही हुकूम आणतो," म्हातारा म्हणाला. "गेलो तर राजा वेशीवरून उठून गेला होता. दुसऱ्या दिवशी सरदार त्याला चिकटून बसले होते. तिसऱ्या दिवशी भेटच झाली नाही. चौथ्या दिवशी मिळाला."

"हुकूम?"

"हो."

"त्यातही तीस माणसं?"

"तीस."

"आणि दादा?"

"तिसऱ्या दिवशीच गप्प झाला होता."

यरीब मटकन खाली बसला. फुटलेल्या टाचा चोळू लागला.

"मी त्याच्या वाट्याची भाकर झाकून ठेवली होती," तो हळू म्हणाला. "आत्ता येईल, मग येईल… तिसऱ्या दिवशी मीच खाल्ली."

म्हाताऱ्याची नजर खुंटीवरच्या चिंध्यांकडं गेली.

"चिंध्या आठवल्या तुला!" यरीब एकदम उसळला. "दोर रुतेल म्हणून परक्याच्या काखेची काळजी! बाकी सगळं विसरलास?"

"विसरलो नव्हतो," म्हातारा म्हणाला. "विसरलो असतो तर बरं झालं असतं."

"मला दादा पाहिजे. बापाच्या शेतात पुरायचाय त्याला."

म्हातारा उठला. कोपऱ्यातला दोर त्यानं खांद्यावर घेतला. मग खुंटीवरच्या चिंध्या काढल्या.

"बाबा, त्या नका नेऊ!" तेलवाला ओरडला.

"चिंध्या आहेत," म्हातारा म्हणाला. "तुम्ही आता घरी जा. आज इथं बघण्यासारखं काही नाही."

माणसं एकेक करून गेली. शेवटी तेलवालाही गेला, तेल परत घेऊन.

दुसऱ्या टाक्याच्या तोंडावर गवत माजलं होतं. तोंड लहान, पोट मोठं. आत गेलेला माणूस आपल्या बळावर कधी वर यायचा नाही, असं ते कोरलेलं होतं.

"इतके दिवस का नाही काढलास त्याला?"

"वरून धरायला कुणीतरी लागतं."

"ही एवढी माणसं येत होती की!"

"ती त्या टाक्याला येत होती." म्हाताऱ्यानं दोर काखेखालून बांधला. "मी उतरतो. तू सोड."

"या चिंध्या काखेत घाल. रुतेल," यरीबच्या तोंडून गेलं, आणि गेल्याबरोबर त्याला स्वतःचाच राग आला.

म्हाताऱ्यानं चिंध्या छातीशी खोचल्या आणि तो तसाच आत उतरला.

यरीबनं हात हात करून दोर सोडला. दोर सैल पडला. खालून माती उकरल्याचा आवाज येऊ लागला. मग थांबला. मग पुन्हा आला…

ऊन कलायला लागलं तेव्हा दोराला हिसका बसला.

त्यानं ओढला. वर आलं ते गाठोडं होतं. त्याच चिंध्यांचं, लहान मुलाला गुंडाळावं तसं नीट गुंडाळलेलं. एका फटीतून तांब्याचं कडं दिसत होतं. आईनं घातलेलं.

तीस माणसं लागली नव्हती. दादा एका हातानं वर आला होता.

यरीबनं गाठोडं काखेत घेतलं. दोर त्याच्या पायाशी वेटोळं होऊन पडला होता. चौकात कुणी नव्हतं. खालून आवाज नव्हता.

तो निघाला. दहा पावलं गेला. अकराव्याला पाय अडला.

"हाक मार ना!" तो वळून ओरडला. "दादानं मारली तशी मार! मेलास का?"

काही नाही.

तो परत आला. गाठोडं सांभाळत टाक्याच्या तोंडाशी पालथा पडला. आत नुसता काळोख. त्याच्या डोळ्यांतलं पाणी खाली पडत होतं आणि पडल्याचा आवाजही येत नव्हता.

"म्हाताऱ्या! जाऊ का मी? का दोर टाकू? काय करू, सांग ना!"

…

"मीही असंच विचारायला राजाकडं गेलो होतो, पोरा."