पागोट्याएवढा गुलाब

“माझ्या तळ्यात विष कालवणारा हरामखोर आठ दिवसांत बांधून आणा! नाहीतर भोयांची चाळीसच्या चाळीस घरं उठवा!”

फत्तेभान राजा गरजला. हुकूम सोडायला तोंडाला भाडं थोडंच पडतं!

राजवाड्यामागचं तळं हिरवंगार झालं होतं. वर शेवाळाची जाड साय, आणि रोज सकाळी परातभर मासे पोट वर करून तरंगत. महिनाभर राजाच्या ताटात रोहूचा तुकडा पडला नव्हता. खरं दुःख ते!

बागेचा दारोगा हैबतराव लगेच म्हणाला, “विष भोयांनीच घातलं, महाराज! मासे मारणं हा त्यांचा धंदाच.”

“मारू ते खायला मारू! सडवायला कशाला?” ठमी भोईण भरदरबारात कडाडली. तिचा उभा जन्म त्या तळ्यात जाळं टाकण्यात गेला होता. “आणते मी बांधून. नाही आणला तर घरं उठवा!”

ठमी तळ्याला फेरी मारून आली. शेवाळ सगळ्यात दाट कुठं? राजाच्या गुलाबबागेखाली! बाग चढावर. राजाला हवा होता स्वतःच्या पागोट्याएवढा गुलाब. म्हणून दारोगा पागेतली आणि हत्तीखान्यातली सगळी लीद बागेत ओतत होता. झाडं शंभर, लीद रोज दहा गाड्या! झाडं नुसती माजली होती. पानंच पानं, फूल औषधालाही नाही. आणि पावसाची सर आली की काळा ओघळ थेट तळ्यात.

ठमीनं दोन परातींत झऱ्याचं पाणी भरलं. दोन्हींत बोटभर शेवाळ सोडलं. एकीत मूठभर लीद टाकली आणि दोन्ही उन्हात ठेवल्या.

आठव्या दिवशी दरबारात एक मेणा आला. चार भोई घामाघूम. पडदे बंद, वरून दोरखंड.

“मेण्यातून?” राजा दचकला. “मोठ्या घरचा दिसतो!”

“तुमच्याच घरचा, महाराज. पण आधी शिक्षा बोला. मोठ्या घरचं तोंड दिसलं की राजांची जीभ मऊ पडते!”

“फत्तेभानाची जीभ?” राजा लाल झाला. “तुकडे करा त्याचे! एकेक तुकडा राज्यातल्या एकेका शेतात पुरा! हा माझा शब्द!”

ठमीनं पडदा ओढला.

आत लीद. ओली, काळी, काठोकाठ! प्रधानजींनी उपरण्यात नाक खुपसलं.

“अगं बये, हे खत आहे!” दारोगा ओरडला. “झाडांचं अन्न! अन्न कधी विष होतं का?”

“शंभर पाहुण्यांना हजारांचं वाढलंत, दारोगा. खरकटं गेलं कुठं? तळ्यात! शेवाळाला आयती पंगत! ते खाऊन मातलं, मेलं, कुजलं. कुजताना पाण्यातला वारा पिऊन बसलं. माशांनी काय तुमच्या नाकानं श्वास घ्यायचा?”

तिनं दोन्ही पराती पुढं ठेवल्या. एकीतलं पाणी आरशासारखं, तळाशी शेवाळाचा तेवढाच बोटभर धागा. दुसरीत हिरवा चिखल!

दारोगानं हात जोडले. “पण... पण हुकूम महाराजांचाच होता! पागोट्याएवढा गुलाब!”

राजाचा हात हळूच पागोट्याकडे गेला. “का गं ठमे? मग मला का नाही बांधलंस?”

“बांधणार होते, महाराज. पण भोई चारच! एवढ्या वजनाला मेणा मोडला असता, आणि शिक्षेचे तुकडे करता करता आमची सुगी निघून गेली असती!”

राजा क्षणभर डोळे वटारून बघत राहिला. मग त्याचं पोट हललं, खांदे हलले, आणि सिंहासनच गदागदा हलायला लागलं. “हिला कोणी आवरा रे!” म्हणत तो डोळे पुसू लागला.

हसू ओसरल्यावर त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. “आजपासून तळं भोयांचं! मला फक्त रोहू धाडत जा.”

कडं ठमीच्या मनगटात सैल झालं, तिनं ते दंडात चढवलं. “आणि शिक्षेचं काय? राजाचा शब्द आहे.”

“होणार! शेताशेतात, तुकडा तुकडा!” राजा म्हणाला. “हैबतराव, टोपलं उचला!”

त्याच दुपारी गुन्हेगाराचा पहिला तुकडा दारोगाच्या डोक्यावरून वेशीबाहेर निघाला.