खंडेनवमीचा पाट

“पाटावर मधोमध मीच बसणार! या शेडची फळीन्‌फळी मी गुळगुळीत केलीय,” रंधा ओरडला.

“आणि त्या कापल्या कुणी, तुझ्या काकानं?” करवत खेकसली.

फार पूर्वीही हत्यारं माणसांइतकीच मूर्ख होती. धोंडू सुतारानं जन्मभर लोकांच्या ओसरीवर बसून काम केलं, आणि म्हातारपणी परसात स्वतःची शेड उभारली. प्रत्येक हत्याराला हक्काचा खिळा ठोकला. उद्या खंडेनवमी, नव्या शेडमधली हत्यारांची पहिली पूजा, म्हणून हा तंटा.

बाहेर बांबू फोडल्याचे आवाज येत होते. ऐकायला फुरसत कुणाला?

खिडकीतली म्हातारी कानस मघापासून बाहेर बघत होती. ती म्हणाली, “भांडा खुशाल, पण उद्या तुम्हाला गंध लावणारे हात बाहेर तिरडीवर बांधताहेत.”