पेल्याचं बूड

एका गावात दोन भाऊ राहत होते. भिंत एक, दारं दोन. वडील गेल्यावर भांडीकुंडी वाटून झाली, पण चांदीची वाटी काही सापडेना. बुडाशी पणजोबांचं नाव कोरलेली ती वाटी. घरातल्या प्रत्येक बाळाला उष्टावणाचा पहिला घास तिच्यातूनच मिळायचा. आता थोरल्याचा नातू सहा महिन्यांचा होत आला होता.

"वाटीला काय पाय फुटले?" थोरला म्हणाला, आणि त्याने पाहिलं ते धाकट्याकडे.

"दादा, माझ्याकडे असती तर मीच नसती का आणून दिली?"

हे बोलणं थोरल्याला जरा जास्तच गुळगुळीत वाटलं. ज्याने वाटी नेली त्याने आणखीही काही नेलं असेल, म्हणून तो धाकट्याकडे वरचेवर जाऊ लागला. पाणी मिळालं की आधी पेला वर धरून तिरका करी आणि बुडावर आपलं स्वतःचं नाव कोरलेलं आहे का ते पाही. पाणी अंगणात सांडे. नाव कधी दिसलं नाही. मग ते घासून काढलं असणार, असं त्याने ठरवून टाकलं. संशयी माणसाला पुरावा मिळाला नाही, तर तोही पुरावाच.

धाकट्याची बायको सगळं पाही आणि पेला पुन्हा भरून आणी.

एके दिवशी तिने फडक्यात बांधलेलं काहीतरी थोरल्याच्या हाती दिलं. "भाऊजी, तुमचंच आहे. सोडून बघा," म्हणाली आणि मान खाली घालून निघून गेली. फडक्याला तुपाचा वास होता.

'मान खाली, म्हणजे पाणी मुरतंय. लाडू देऊन माझं तोंड बंद करायला बघतात,' थोरल्याच्या मनात आलं. गाठ न सोडताच त्याने ते गोठ्यातल्या खुंटीला टांगलं.

पंधरा दिवसांनी उष्टावण तोंडावर आलं, तेव्हा त्याने गावातली चार वडीलधारी माणसं ओट्यावर बोलावली. "आमची वाटी याने दाबली," तो म्हणाला.

धाकटा गोंधळला. "दादा, ती तर तुला कधीच पोचली ना?"

"कुणी दिली?"

दाराआडून धाकट्याची बायको म्हणाली, "भाऊजी, त्या फडक्याची गाठ सोडलीत का?"

फडकं आणून सोडलं. वर बुरशी आलेले चार लाडू, खाली वाटी. दिवाळीत थोरल्याच्याच बायकोने तिच्यातून शिरा पाठवला होता आणि ती पिठाच्या डब्यामागे राहून गेली होती. सापडताच धाकटीने परत केली. पण आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून लाडू.

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तो बोलावणं घेऊन धाकट्याकडे गेला. "चुकलो रे. तुम्ही दोघं आलात तरच बाळाला घास भरवू." धाकट्याचे डोळे भरून आले. त्याच्या बायकोने पाण्याचा पेला पुढे केला.

थोरल्याने तो घेतला. सवयीने हात वर गेला आणि पेला तिरका झाला.

पाणी अंगणात सांडलं. या वेळी पेला पुन्हा भरून आला नाही.

उष्टावण झालं. वाटी चांदीचीच होती, पण पंगतीतले दोन पाट रिकामे राहिले.

तात्पर्य: हरवलेली वस्तू सापडली की संशय फिटतो, पण त्याची सवय जात नाही, आणि माणसं तुटतात ती त्या सवयीने.