पेटीतले हिरवे मणी

सुपारीच्या बागांनी वेढलेल्या एका गावात त्रिंबक नावाचा एक बागायतदार राहत होता. माणूस कष्टाळू, मायाळू, पण भित्रा. भित्रा म्हणजे किती? विहिरीवर नवा कावळा येऊन बसला तरी हा दाराला कडी घालायचा.

त्याची बायको द्वारका समुद्रकाठची. लग्न होऊन डोंगराआड आली आणि समुद्राला दुरावली. जेवताना तिचा घास हातातच राहायचा. त्रिंबकला ते बघवेना. त्याने ओटीवर काचेची मोठी पेटी बसवली. तिच्या माहेराहून कॅन भरभरून खारं पाणी आणलं, हवेचा पंप लावला. शहरातल्या दुकानातून एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला जीव, आणलं, आणि त्या फुलाच्या मऊ बोटांत लपून राहणारी नारिंगी माशांची जोडी आणली. द्वारका खुलली. रोज सकाळी बाही वर सारून ती पेटीत हात घालायची, काच पुसायची, माशांशी गप्पा मारायची. तेवढाच तिचा समुद्र.

एकदा तिच्या भावाने किनाऱ्यावरचा एक धोंडा आणून दिला. तो पेटीत ठेवला. थोड्या दिवसांनी त्या धोंड्यावर एक हिरवा मणी दिसला. मोत्याएवढा, गुळगुळीत, चकाकणारा. त्याला ना पान, ना देठ. मग त्याच्या शेजारी दुसरा आला.

द्वारकेला गंमत वाटली. त्रिंबकची मात्र झोप उडाली.

"अगं, शेवाळ असं असतं का कधी? हा डोळा आहे. टक लावून बघतोय माझ्याकडे."

"डोळा कसला! मासे ढुंकूनही बघत नाहीत त्याच्याकडे. तुम्हीच बघत बसलाय."

तेवढ्यात शेजारचे रघुआप्पा चहाला आले. त्यांनी गावचं तळंसुद्धा धड पाहिलेलं नव्हतं, मग समुद्राची काय कथा! तरी मान डोलावून म्हणाले, "दिसायला देखणं ते विषारीच असतं, त्रिंबका. सांभाळ हो."

झालं! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. द्वारका देवळात गेलेली पाहून त्रिंबकने पेटीत हात घातला आणि नखाने एकेक मणी फोडला. आतला रस पाण्यात विरून गेला. त्याला वाटलं, सुटलो. पण मणी फोडला की त्याचं बारीक बी पाण्यात पसरतं आणि जिथे टेकेल तिथे रुजतं, हे त्याला कुठे ठाऊक? बघता बघता अख्खा धोंडा मण्यांनी भरला. त्रिंबकला घाम फुटला. आपण मारलं म्हणून हे चिडलं, आता हे आपल्याला सोडत नाही, असं त्याने मनाशी धरलं.

द्वारका म्हणाली, "अहो, आधी हे आहे काय ते तरी कळू दे. माझी आत्या माहेरच्या गावी कॉलेजात समुद्री शेवाळांचंच शिकवते. एक मणी बाटलीत घालून तिला दाखवून येते. उद्या संध्याकाळी परत. तोवर पेटीला हात लावायचा नाही. शब्द द्या."

"दिला," त्रिंबक म्हणाला. आणि द्वारका एसटीत बसून गेली.

पाऊस तोंडावर आला होता. सुपारीला रोग पडू नये म्हणून बागेत मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळभर त्रिंबकने चुना कालवला. दुपारी हातांची आग आग होऊ लागली. आता चुन्यात हात घातला तर आग होणारच, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याचीही दरवर्षी व्हायची. पण ओटीवर येताच त्याची नजर पेटीवर गेली आणि तोंडचं पाणी पळालं.

"मणी! मी फोडले त्याचं विष हातात भिनलं!"

आणि लगेच त्याहून भयंकर विचार आला. द्वारका तर रोज कोपरापर्यंत हात घालते! तिला काही झालं असेल तर? वाटेतच कुठे पडली असेल तर?

दिलेला शब्द आठवला. संध्याकाळ काही लांब नव्हती. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काय उगाच? "जे औषध सुपारीवरचा रोग घालवतं ते हे का नाही घालवणार?" असं पुटपुटत त्याने फवारणीसाठी विरघळवून ठेवलेलं मोरचुदाचं निळं पाणी घेतलं आणि सगळंच्या सगळं पेटीत ओतलं.

समुद्रफुलाने अंग आखडून घेतलं. बोटं आत ओढली, मग ती लोंबू लागली. मासे वर येऊन तोंड उघडू मिटू लागले. त्रिंबक नुसता उभा राहून बघत होता. आता पाण्यात हात घालायचीही त्याला भीती वाटत होती.

संध्याकाळी द्वारका दारातूनच बोलत आली. खांद्याला पिशवी, हातात समुद्राच्या ताज्या पाण्याचा कॅन.

"अहो, आत्या किती हसली! साधं फुग्यांचं शेवाळ आहे म्हणाली. विषबिष काही नाही. धोंडा बादलीत काढायचा, मणी न फोडता अलगद सोलायचे, माशांना खाणं जरा बेताने घालायचं, की झालं. फोडायचे तेवढे नाहीत—"

तिने पेटी पाहिली. कॅन बादलीत ओतून तिने धावत मासे त्यात सोडले. ते कसेबसे तगले. फूल मात्र हातात येताच विरघळल्यासारखं झालं.

"तुझ्यासाठीच केलं गं," त्रिंबक रडू लागला. "तुला काही झालं असतं म्हणजे?"

"मला काय होत होतं?" द्वारका म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो अधिकच घाबरला.

त्रिंबकने पेटीकडे पाहिलं. निळ्या पाण्यात धोंड्यावरचे मणी तसेच हिरवेगार चकाकत होते.

तात्पर्य: अनोळखी गोष्टीची भीती वाटली, तर आधी तिची ओळख करून घ्यावी. घाबरून केलेला उपाय संकटाला लागत नाही, जवळच्यालाच लागतो.