महाराजांचा वारा, केरोबाच्या माथी

ढुर्रर्र!

भर दरबारात आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला आणि कुणीच ऐकला नाही! तेवढ्यात खांबाआडून केरोबा उठला आणि हात जोडून म्हणाला, "माफी असावी सरकार, माझाच!"

ही त्याची नोकरीच होती. डोंगरपालीच्या दरबारात 'कबूलदार' नावाचं एक पिढीजात पद होतं. महाराजांचा वारा सरला, की कबूलदाराने उठून तो आपल्या नावावर घ्यायचा. केरोबाच्या आजाला आठवड्यातून एकदा उठावं लागे. पण हे प्रचंडसेन महाराज! जेवायला बसले की सात वाट्या वालाची उसळ, वर पावटे आणि तोंडी लावायला अख्खे मुळे! वाल भिजून मोड यायला दोन दिवस लागतात, तेवढा धीर कुणाला? सालासकट, अर्धेकच्चे, तसेच पोटात! मग पोटाला असा गुबारा धरे, की कमरेची कट्यार आडवी व्हायची.

केरोबा दिवसातून चौदा वेळा उठायचा. गुडघे गेले बिचाऱ्याचे! तो गल्लीत शिरला की शेजारणी धडाधड खिडक्या लावून घ्यायच्या.

त्या दिवशी मात्र महाराज कडाडले, "केरोबा! पुढच्या सोमवारी शेजारच्या राजाचे वकील यायचेत. आठ दिवसांत तुझा हा वारा बंद कर, नाहीतर लेकीला घेऊन वेशीबाहेर हो!"

"माझा, सरकार?"

"मग काय आमचा?"

केरोबाने हात जोडले. "माझाच, सरकार!"

घरी येऊन तो कपाळाला हात लावून बसला. "येसू, दुसऱ्याच्या पोटातला वारा मी कसा गं थांबवू?"

येसू ताक घुसळत होती. तिने रवी थांबवली. "बाबा, आज काय जेवलात?"

"नाचणीची भाकरी, मुगाचं वरण, वाटीभर ताक. रोजचंच की!"

"त्यानं वारा होतो?"

"छे! माझ्यापेक्षा आपली मांजर जास्त आवाज करते."

येसू खुदकन हसली. "मग उद्या मीही येते दरबारात."

दुसऱ्या दिवशी तिने महाराजांना मुजरा केला. "महाराज, बाबांच्या दुखण्यावर उपाय सापडला."

"औषधबिवषध आम्ही घेणार नाही!" महाराज घाईघाईने म्हणाले.

"तुम्ही कशाला घ्याल? दुखणं तर बाबांचं! वारा होतो खाण्यातून. घरचं जेवण बाबांना मानवत नाही, असं दिसतंय. तेव्हा आठ दिवस तुमचं ताट बाबांना द्या."

"आणि आम्ही उपाशी मरू?"

"छे छे! बाबांचं ताट तुम्हाला. ठणठणीत माणसाला मुगाच्या वरणाची कसली भीती? हां, आता वारा तुमचाच असला, तर गोष्ट वेगळी..."

"कोण म्हणतो आमचा?" महाराज ताडकन उठले. "आणा रे ती भाकरी!"

पहिल्या दिवशी महाराजांनी नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी ताक मागून घेतलं. सहाव्या दिवशी कट्यार सरळ लटकू लागली! इकडे केरोबा आधी खूश होता, सात वाट्या मिटक्या मारत संपवायचा. चौथ्या दिवशी धोतर कमरेला पुरेना. सातव्या दिवशी तो चालताना आधी पोट दारातून आत यायचं, मग मागून केरोबा!

सोमवार उजाडला. वकील आले. घटका गेली, दोन घटका गेल्या, सिंहासन गप्प! प्रधानजींच्या डोळ्यांत पाणी आलं. वकिलांनी खलिता उघडला, घसा साफ केला, आणि...

ढुर्रर्रर्र-ढम्म!

झुंबर हललं. तुळईवरची कबुतरं उडाली. सवयीप्रमाणे केरोबा उठला. "माफी असावी सरकार, माझाच!" मग त्याचे डोळे विस्फारले. "देवाशपथ सरकार, आज खरंच माझा!"

महाराज लालबुंद झाले. "येसू! वारा काही थांबला नाही. उचला गाठोडं!"

"उचलते, महाराज. पण आधी चोर तर ओळखा! दरबार तोच, खांब तोच, बाबाही तेच. आठ दिवसांत बदललं ते फक्त ताट. ताट तुमच्यापुढून बाबांपुढे गेलं आणि आवाज मुकाट त्याच्या मागोमाग गेला! वेशीबाहेर काढायचंच तर त्या सात वाट्यांना काढा!"

महाराजांनी कट्यारीकडे पाहिलं. पोटावरून हात फिरवला. ओठ थरथरले, आणि ते असे खदखदून हसले की सिंहासन हललं! दरबाराने श्वास रोखला... पण छे, नुसतं हसूच होतं ते! मग काय, वकिलांचीही हसून पगडी घसरली.

"पण पोरी," डोळे पुसत महाराज म्हणाले, "वालावाचून आम्ही जगायचं कसं?"

"वाल खाऊनच जगा की! भिजवा, मोड आणा, सालं काढा, मऊ शिजवा, हिंग-ओव्याची फोडणी द्या. आणि वाटी एकच!"

"आजपासून मुदपाकखाना तुझ्या हुकमात!" महाराजांनी गळ्यातला कंठा काढून तिच्या हातात दिला. "आणि कबूलदाराचं पद आजच मोडीत! आता केरोबाला कुठं नेमू?"

खांबाआडून केरोबाच्या पोटाची गुरगुर ऐकू आली.

"नगारखान्यात, महाराज," येसू म्हणाली. "आणि जरा लवकर!"