धोंडोपंत आणि ब्राह्मी

दगडांना बोलता येत होतं तेव्हाची ही गोष्ट. गोदाक्कांच्या परसात, विहिरीजवळ, धुणं धुवायचा एक काळा दगड होता. सगळे त्याला धोंडोपंत म्हणत. आपण कुणाच्याही आधाराशिवाय उभे आहोत, याचा पंतांना भारी तोरा.

सांडलेल्या पाण्यावर त्यांच्याभोवती ब्राह्मी पसरली होती. एकदा तिची दोन इवली पानं पंतांना टेकली आणि पंत भडकले.

"अंगावर कुठे चढतेस? आमचा काही मान आहे की नाही?"

"चढत नाही हो पंत, ओल शोधतेय," ब्राह्मी म्हणाली.

पंतांनी कोंबडीला हाक मारली. "हिच्याखाली गांडुळं आहेत बघ, चांगली लठ्ठ!"

दुपारपर्यंत कोंबडीने जवळजवळ सगळी ब्राह्मी उकरून टाकली. पंत खूश झाले.

मग रोजचं धुण्याचं पाणी उघड्या मातीवरून धावू लागलं आणि जाताना माती घेऊन गेलं. आठवड्याने गोदाक्कांनी चादर आपटली, तर पंत डुगडुगले.

गोदाक्कांनी खाली चिखल लिंपला. "पुन्हा हलला, तर उचलून बांधावर टाकीन मेल्याला!"

पंतांना घाम फुटला. त्यांच्या सावलीत ब्राह्मीची एकच कांडी उरली होती.

"बाई, पसरतेस का जरा?"

"पसरते की. पण अंगाला लागेन हं."

"लाग, लाग!"

महिन्याभरात चिखल हिरवागार झाला आणि पंत घट्ट बसले. तेवढ्यात कोंबडी डोलत आली.

"पंत, गांडुळं?"

"छे गं!" पंत घाईघाईने म्हणाले. "इथे कधी नव्हतीच!"