ठकाईची शिळा

सोनवेलच्या पडक्या गढीसमोर एक लांबलचक काळी शिळा आडवी पडली आहे. पंधरा-वीस माणसे शेजारी शेजारी सहज बसतील एवढी. पण तिची एकच कड झिजून गुळगुळीत झाली आहे. बाकीच्या दगडावर छिन्नीचे घाव अजून जसेच्या तसे आहेत. पाहुणा आला की गावातले बुधाजीआबा त्याला आधी तो खरखरीत भाग हाताने चाचपायला लावतात आणि मगच तोंड उघडतात.

आबा सांगतात ते असे. गढीत जहागीरदार नांदत होता त्या काळी गावचे सगळे शिवार नदीवरच्या एका बंधाऱ्यावर पिकायचे. पाटाचे पाणी पाळीने मिळे. आज या घराचे शेत, उद्या त्या घराचे. पाळी मोडणाऱ्याला गाव माणसात धरत नसे. ही पाळी राखायचा तो पाटकरी. त्या पाटकऱ्याची विधवा म्हणजे ठकूबाई. तिला स्वतःची वीतभर जमीन नव्हती. सुगीला घराघरातून धान्य यायचे, त्यावर तिचे चालायचे. पाट वाहिला तर तिची चूल पेटणार, एवढे तिचे पाण्याशी नाते.

एका वर्षी जहागीरदाराने वरच्या अंगाला नदी अडवली आणि पाणी आपल्या डाळिंबाच्या बागेकडे वळवले. पाट कोरडा पडला. गाव जमले, तावातावाने बोलले, आणि पाणी सुटेपर्यंत गढीच्या दाराशी ठिय्या द्यायचा असे ठरले. बंधाऱ्याच्या कामातून उरलेली ही शिळा सगळ्यांनी मिळून ओढत आणली. घरटी एक माणूस, सगळ्यांनी एकदम बसायचे, म्हणून एवढी लांब.

आणि इथेच माशी शिंकली. गुरांना चारा कोण घालणार, घरदार कोण बघणार, असे म्हणता म्हणता गावाने बसण्याचीही पाळी लावली. रोज एक घर. ठकूबाई एकटी म्हणाली, "पानी वाटून घ्यावं. बसणं वाटून घेतलं तर दारात एकच माणूस दिसतो." कोणी मनावर घेतले नाही. पाळी म्हणजे न्याय, हे सोनवेलच्या हाडीमाशी खिळलेले.

जहागीरदार पक्का होता म्हणे. त्याने कोणावर काठी उगारली नाही. बसलेल्याला दुपारी गार ताक पाठवायचा, घरच्यांची विचारपूस करायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच्याच शेतापुरते पाणी सोडायचा. सगळ्यांना सगळे दिसत होते, आणि सगळे आपापल्या पाळीची वाट पाहत होते. ठकूबाईचा मात्र जीव जळत होता.

शेवटी तिची पाळी आली. कारभारी ताक घेऊन आला आणि तिचे शेत कोणते ते विचारू लागला. तिने बांधापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत सगळे शिवार हाताने दाखवले. कारभारी हसत हसत आत गेला. ताकाला तिने बोट लावले नाही, आणि दिवस मावळला तरी ती उठली नाही.

सकाळी पाळी होती तिच्या दिराची, रावजीची. त्याला पाहून ती थोडी सरकली. "भाऊजी, बसा. जागा पुष्कळ हाय."

रावजी उभाच राहिला. दोघे बसलो तर पाळी कोणाची धरतील, या विचाराने तो घाबरला. त्याचा मळा करपत होता. तो तसाच माघारी गेला आणि वहिनीने आपली पाळी अडवल्याचे गावाला सांगितले.

मग उन्हे डोक्यावर आली आणि गावाच्या वाटेवर धूळ उठली. बायका, म्हातारे, कडेवरची पोरे, सगळे गाव येत होते. ठकूबाईचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी एकदाचे कळले यांना, असे तिला वाटले असेल. पोटात अन्न नव्हते, तरी ती सरकत सरकत पार कडेला गेली आणि पदराने उरलेली शिळा पुसून ठेवली.

गाव येऊन समोर उभे राहिले. पाटील म्हणाला, "ठकूबाई, ऊठ. तुझी पाळी काल झाली."

तिने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग म्हणाली, "आलात ना समदे? मग बसा की."

कोणी बसले नाही. कोणी तिला हातही लावला नाही. थोडा वेळ उन्हात उभे राहून गाव माघारी वळले. ठकूबाई त्याच कडेवर बसून राहिली आणि तिथेच गेली. जहागीरदार हे सगळे सज्ज्यातून पाहत होता, असे सांगतात. सगळे आले तरी कोणी बसत नाही, हे त्याला कळून चुकले. त्या दिवसापासून कोणाच्याच शेताला पाणी सुटले नाही.

पुढे गढी ढासळली आणि ठकूबाईची ठकाई झाली. चैत्रात गाव तिला नैवेद्य दाखवते. त्या दिवशी सोनवेलमध्ये कोणी ताक पीत नाही. नदी आता वरच्या कारखान्याकडे वळली आहे. ग्रामसभेत ठराव होतात, हात वर होतात, आणि तहसील कचेरीसमोर बसायला गावातून माणूस जातो. रोज एक घर. आबाही आपल्या पाळीला जाऊन आले आहेत.

आजही ठकाईच्या दिवशी ज्या घराची पाळी असेल त्या घरचे माणूस शिळेच्या अगदी कडेला बसते आणि उरलेली शिळा पुसून ठेवते. संध्याकाळी ते उठते, तेव्हा पुसलेल्या जागेवर नुसती धूळ बसलेली असते.